पितृपक्षातल्या बाहुल्या

शिलाई मशीनवर जुनी चादर पडली की आमच्याकडे पितृपक्ष आला असं समजायचं. पंधरा दिवस कुणी नवं कापड शिवायला टाकत नाही. ब्लाउजपिसांच्या पिशव्या यायच्या थांबतात. नेहमीच्या बायका रस्त्यात भेटल्या तरी "घट बसले की येते हं काकू" म्हणून पुढे सटकतात. बत्तीस वर्षं मी जळगावच्या पिंप्राळ्यात या घरात बसून बायकांचे ब्लाउज शिवतेय, पण या रिकाम्या पंधरवड्याची सवय काही झाली नाही. पाय आपोआप मशीनकडे वळतात. मान मात्र म्हणते, बरं झालं बाई. यंदा मानेनं ते जरा जास्तच जोरात म्हटलं आणि मी तिचं ऐकून दुपारची आडवी झाले.

आडवी झाले म्हणजे झोपले असं नव्हे. भादव्यातलं ऊन पत्र्यावर तापत असतं, पंखा गरम वारा खाली ढकलत असतो आणि लाईट गेली की तोही बंद. पाऊस गेल्यासारखा असतो, पण गेलेला नसतो. शिवाराकडून येणाऱ्या बायका म्हणतात, कापसाची बोंडं फुटायला लागली. या दिवसांत मला नेहमीच थकवा येतो. काही केल्याचा नाही, सगळं करून झाल्याचा.

काल दुपारी धुळ्याच्या बसनं एक पिशवी आली. आमचे हे एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेत, त्यामुळे अर्धे कंडक्टर ओळखीचे. स्टँडवर जाऊन हे पिशवी घेऊन आले आणि माझ्या उशाशी ठेवून गेले. पिशवीत अकरा बाहुल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एकीला पाय नाहीत, एकीचं डोकं आत दबलेलं, एकीच्या गालावर कुणीतरी बॉलपेननं मिशा काढलेल्या. तळाशी एक लहान स्टीलचा डबा, झाकणाला चिकटपट्टी लावलेली. सोबत माझ्या मुलीची, मीनलची, चिठ्ठी: "आई, घाई नाही. मान सांभाळ. डबा उघडायचा नाही."

पिशवी पाहिली आणि मला तीन वर्षांपूर्वीची, पोरींच्या सणाची गुलाबाई आठवली. आठवली म्हणणंही खोटंच. ती दरवर्षी याच दिवसांत येते आणि पाय पसरून बसते.

बाहुल्यांचं खूळ त्याच्याही आधीचं. समोर किराणा दुकान आहे, मूळचे राजस्थानचे लोक. त्यांची नात रिद्धी एका पितृपक्षात बाहुली घेऊन आली. कुत्र्यानं बाहुलीचा हात खांद्यापासून चावून नेला होता. "काकी, हिला हात लावून द्या," म्हणाली. मी काय हाताची दुकानदार? पण मशीन बंद, डोकं रिकामं, समोर कातरणांची गोणी. हिरव्या पॉपलिनचा तुकडा घेतला, आत तार घातली, मधोमध शीर काढली आणि खांद्याच्या भोकात खोचून दिलं. "हा हात नाही, पंख आहे," मी सांगितलं. "ही केळीच्या बागेत राहते. घडावर बसून कच्च्या केळ्यांच्या कानात सांगते, आता पिका." रिद्धीनं बाहुली उलटसुलट फिरवून पाहिली आणि म्हणाली, "मग दुसरा हातही काढा ना काकी."

तो काही मी काढला नाही. पण नंतर गल्लीतल्या पोरींनी रांग लावली. पाय नसलेली आली, तिला जरीच्या काठाची शेपटी लावून जलपरी केली. पोरी हुशार. "गिरणेत पाणी नसतं तेव्हा ही कुठं जाते?" मी म्हटलं, वाघूर धरणात, पाहुणी म्हणून. गॅसजवळ ठेवल्यानं गाल वितळलेली आली, तिच्या गालावर मी सोनेरी टिकल्या बसवल्या आणि तिची ऊनपरी केली, जळगावच्या मे महिन्यात जन्मलेली. टकली आली, तिच्या डोक्यावर काळे हूक एकात एक अडकवून फणा केला, ती नागकन्या. एकीला डोकंच नव्हतं. तिच्या मानेवर मी तांब्याची छोटी पणती चिकटवली. ती सातपुड्यात चुकलेल्या माणसांच्या पुढे चालते.

मी एकच नियम पाळत होते. तुटलंय ते झाकायचं नाही. तिथूनच काहीतरी उगवायचं. मला या नियमाचा गर्व होता, आता सांगायला हरकत नाही. शेजारच्या कमलअक्का चोपड्याकडच्या. त्या कठड्याला रेलून म्हणायच्या, "फुटेल बाहुली घरमा ठेवू नही व. पिंपळखाले ठेई दे." मी हसून म्हणायची, अक्का, पिंपळाखाली आधीच फोटोंची आणि फुटक्या देवांची इतकी गर्दी आहे, या बिचाऱ्यांना कुठं जागा मिळायची? त्या तोंडाला पदर लावून हसायच्या आणि जाताना हळूच नागकन्येला नमस्कार करून जायच्या.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई, शेजारी तिचा गुलोजी, भडक रंगांचे. महिनाभर संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन टाळ्या वाजवत तिची गाणी म्हणतात. गाण्यांमध्ये दुसरं काही नसतं, सासर आणि माहेर. गुलाबाई माहेरपणाला आलेली असते आणि कोजागरीला ती परत जाते. आता महिनाभर कुणाला वेळ आहे? क्लास असतात, परीक्षा असतात. कुणाकडे पाच दिवस, कुणाकडे शेवटचा एकच. आमच्या गल्लीत अजून महिना चालतो, कारण आमच्याकडे आरास असते. माझ्या सगळ्या तुटक्या बाहुल्या गुलाबाईच्या भोवती, तिच्या माहेरच्या मैत्रिणी म्हणून बसतात.

गाणी झाली की खाऊ. जिच्या घरी गाणी, तिनं खाऊ बंद डब्यात आणायचा, डबा वाजवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. मुरमुरे की शेंगदाणे, लाडू की बर्फी. कुणालाच आलं नाही तर सगळ्यांनी "हरलो" म्हणायचं. मग डबावाली स्वतः झाकण उघडते. ओळखलं तर ओळखणारीच उघडते, असा आमच्या गल्लीचा कायदा. मला मात्र ओळखायला बसायची बंदी आहे. माझं आयुष्य डब्यांत गेलं. हुकांचा डबा, टिचबटणांचा, मण्यांचा, टिकल्यांचा. झाकण न काढता आवाजावरून सांगते, आत काय आहे आणि साधारण किती उरलंय. मीनल दहा वर्षांची असताना तिनं चिक्कीचे तुकडे रुमालात गुंडाळून, वर कापूस कोंबून डबा आणला होता. मी एकदा हलवला आणि सांगितलं, तिळाची चिक्की. पोरी हसल्या. मीनल रडायला लागली. "तू एकदा तरी हर ना गं," म्हणाली. मी म्हटलं, माहीत असताना माहीत नाही कसं म्हणू? तेव्हा मला ते फार सरळ वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी गुलाबाई बसायच्या दिवशीच मीनल आली. धुळ्याला दिलेली, म्हणजे पारोळ्यावरून बसनं दोन-अडीच तास. जवळच दिली म्हणून मी मिरवायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या वेळेनंतर ती आली ती एक पिशवी घेऊन. दारात उभी राहून म्हणाली, "गुलाबाईला आले."

मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. कुणीही विचारलं की सांगायचं, गुलाबाईला आलीय. कमलअक्का कठड्यावरून म्हणाल्या, "आते कितला दिन ऱ्हाई पोर?" मी म्हटलं, कोजागरीपर्यंत. मीनल आत होती. तिला मी विचारलं नव्हतं.

ती आल्यापासून पडूनच असायची. दुपारी तीन-तीन तास झोपायची आणि उठल्यावर झोपेपेक्षा जास्त थकलेली दिसायची. हळूहळू तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. तिची सासू वाईट बाई नव्हे, खरंच नव्हे. पण दारात आलेल्या प्रत्येक बाईला ती मीनलसमोरच सांगायची, "आमच्याकडे जरा अडचण आहे." नवरा मोबाईलमध्ये बघत बसायचा. बारशाचं बोलावणं आलं तर मीनलला घरी ठेवून जायचे. तिनं हे सांगितलं तेव्हा मी डिंकाचे लाडू वळत होते. मी म्हटलं, "अंगात रक्त नाही तुझ्या, म्हणून मनाला लागतं." आणि तिच्या हातावर लाडू ठेवला. आज ते आठवलं की माझंच तोंड कडू होतं.

मी तिला दुरुस्त करायला घेतलं होतं. दूध, खजूर, डोक्याला तेल, ओळखीच्या बाईंचं औषध. पितृपक्ष होता, मशीन बंद होतं, हातांना काम हवं होतं. माझ्या हातांना काम नसलं की घरातल्या माणसांचं काही खरं नसतं.

आठवड्यानं धुळ्याहून फोन आला. विहीणबाईंचा आवाज गोड. "कधी पाठवताय मीनलला?" मी म्हटलं, "गुलाबाईबरोबर पाठवते." त्या म्हणाल्या, "चालेल. चांगला आराम करू द्या. पण पहिल्यासारखी करून पाठवा हो." आणि मी हसून म्हटलं, "अगदी पहिल्यासारखी." मागे मोरीत नळाचं पाणी चालू होतं. मीनल भांडी घासत होती. पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले. ह्यांनी मात्र पेपर खाली केला आणि विचारलं, "पोरीला विचारलंस का?" मी म्हटलं, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

त्याच सुमारास मला पत्र्याच्या पेटीत गोटी सापडली. गोटी म्हणजे मीनलची लहानपणीची बाहुली. निजवली की डोळे मिटणारी आणि बसवली की उघडणारी. तिचा एक डोळा कायमचा मिटलेला होता. केस मीनलनं स्वतःच कापलेले, एका बाजूला जास्त. फ्रॉक केव्हाच फाटून गेलेला. मीनल तिला सगळीकडे न्यायची. धुळ्याला मामाकडे जाताना गोटी खिडकीपाशी बसायची आणि एका डोळ्यानं रस्ता बघायची.

मी ठरवलं, ही नीट करून द्यायची. सहा दिवस लावले. डोकं कोमट पाण्यात भिजवून मानेतून काढलं. अडकलेली पापणी सुई आणि खोबरेल तेलानं सोडवली. जुने केस उपटून सोनेरी रेशमाचे नवे टाके घातले, एकेक. गालांना गुलाबी रंग, ओठांना लाल. कपाटात शोधशोधून तसल्याच फुलांचं कापड काढलं आणि तसाच फ्रॉक शिवला, झालरीसकट. मान दुखून मला रडू यायचं. पण मी इतकं सुबक काम कधी केलं नव्हतं. दुकानात ठेवली असती तर नवी म्हणून गेली असती.

सर्वपित्रीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ती मीनलच्या मांडीवर ठेवली. तिनं बाहुली निजवली, दोन्ही डोळे मिटले. उठवली, दोन्ही उघडले. तिनं दोन-तीनदा तसं केलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, हसेल म्हणून.

"ही कोण?" ती म्हणाली.

"कोण म्हणजे? गोटी."

"गोटीचा एक डोळा मिटलेला होता."

"तोच तर दुरुस्त केला."

मीनलनं आराशीकडे बघितलं. तिथं पंखवाली होती, शेपटीवाली होती, पणतीच्या डोक्याची होती. मग ती हळू म्हणाली, "आई, गल्लीतल्या सगळ्या मोडक्या बाहुल्यांना तू पंख दिलेस. शेपट्या दिल्यास. हिलाच का परत बाहुली केलीस?"

मी गोटीच्या फ्रॉकची झालर सरळ करायला लागले. ती पुढे म्हणाली, "अगदी पहिल्यासारखी, असं म्हणालीस ना तू फोनवर?"

तर ऐकलं होतं तिनं. आणि मला लाज वाटायच्या ऐवजी राग आला. सहा दिवसांची मान, इतक्या दिवसांची काळजी, लोकांना दिलेली उत्तरं, सगळं एकदम वर आलं. "मग काय करू? तुला काय पंख लावू?" मी ओरडलेच.

"लावू नकोस," ती म्हणाली. "पण पहिल्यासारखी करू नकोस. पहिल्यासारखी करून मला तिथं नेऊन ठेवलंस की तेच होणार आहे सगळं."

ती उठून आत गेली. गोटी माझ्यासमोर दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून बसली होती. किती निर्बुद्ध दिसत होती ती. मी सहा दिवस खपून तिच्या तोंडावरचं सगळं पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि चादर निघाली. नवरात्रात मला श्वास घ्यायला फुरसत नसते. रोजचा एक रंग आणि त्या रंगाचं काही ना काही उद्याच्या उद्या हवं असतं. आम्ही दोघी बोलत नव्हतो. पण मीनल न सांगता शेजारी येऊन बसायची आणि हूक लावायची, काज करायची. दिवसभर मशीनची घरघर. कुणी आली की विचारायची, "मीनल, कधी जाणार?" आणि मीनल दोरा दातानं तोडण्यात गुंतलेली. मीच उत्तर द्यायची. उत्तर देऊनदेऊन माझा जीव थकला होता. आपल्या उत्तरावर आपलाच विश्वास नसला की ते रोज नव्यानं उचलावं लागतं.

मधल्या एका दुपारी बघते तर गोटीचे केस मानेपर्यंत कापलेले. एक पापणी पुन्हा बंद, या वेळी गोंद लावून. झालरीचा फ्रॉक जाऊन खाकी कापडाची तुमान आली होती, कुणाच्या तरी अस्तरातून उरलेल्या कापडाची. खांद्याला बोटभर पिशवी. मीनल तिला आराशीत बसवत होती, पण गुलाबाईजवळ नाही, दरवाज्याच्या बाजूला. रिद्धीनं विचारलं, "दीदी, ही कोण?"

"ही वाटकरीण," मीनल म्हणाली. "ही एका डोळ्यानं झोप काढते आणि एका डोळ्यानं रस्ता बघते. म्हणून हिला कुठं थांबावं लागत नाही. दर गावाला हिचं नाव बदलतं."

"आणि हिच्या पिशवीत काय आहे?"

"अजून काही नाही."

मी मशीन थांबवलं नाही. थांबवलं असतं तर मी ऐकतेय हे तिला कळलं असतं. माझ्या हातात त्या वेळी तिचाच ब्लाउज होता. पाठवणीच्या साडीवरचा, मोरपंखी. मला सगळं कळत होतं आणि तरी मी त्याच्या बाहीला लेस लावत होते. भीती वाटत होती मला. ती एकटी राहील याची, लोक काय म्हणतील याची, आमच्यानंतर तिचं कोण याची. आणि खरं सांगायचं तर नुसता कंटाळाही होता. सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडायची ताकद माझ्यात नव्हती. तिच्यात होती की नाही, हे मी विचारलंच नव्हतं.

कोजागरीला दिवे लागताना पोरी आल्या. सगळी गाणी झाली. खाऊला तेरा डबे होते, तेरा पोरींचे तेरा. एक सोडून सगळे ओळखले गेले. मग अंगणात बादली आणली. पूर्वी मेहरूणच्या तलावावर जायचो, आता बादलीतच करतो आणि ते पाणी तगरीला घालतो. ह्यांनी बादली धरली, रिद्धीनं गुलाबाई पाण्यात सोडली. रंग सुटला. पाणी आधी गुलाबी झालं, मग मातकट. पोरी गुलाबाईला निरोप देऊन, खाऊच्या पुड्या घेऊन, कलकल करत आपापल्या घरी गेल्या. मैत्रिणी मात्र पाटावर तशाच होत्या. मधली जागा रिकामी.

मी आत येऊन पाट पुसत होते. पलंगावर मोरपंखी साडी घडी घालून ठेवलेली होती, वर ब्लाउज. शेजारी शिदोरीच्या पिशव्या. सकाळच्या बसची वेळ ह्यांच्याकडून मी पाठ करून घेतली होती.

मीनल समोर येऊन बसली. तिच्या हातात माझा हुकांचा लहान स्टीलचा डबा होता. "आई," म्हणाली, "ओळख."

"मला बंदी आहे ना?"

"आज नाही."

मी डबा घेतला. एकदाच हलवला. पुन्हा हलवायची गरज नव्हती. बारीक मणी, खूप सारे, एकाच दोऱ्यात ओवलेले, म्हणून विखरून न वाजता एकत्र सरकणारे. आणि त्यांच्यात दोन पातळ सोन्याच्या वाट्या, एकमेकींवर आपटणाऱ्या. लग्नाआधी ते मंगळसूत्र मी स्वतः ओवून आणलं होतं आणि घरी येईपर्यंत पर्समध्ये तोच आवाज ऐकत आले होते. मी मान वर केली. तिच्या गळ्यात काही नव्हतं.

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं. काय केलंस हे. घाल आधी ते. सणाच्या दिवशी असं करतात का. मी तिच्याकडे बघितलं. ती मला घाबरत होती. माझी मुलगी, अठ्ठावीस वर्षांची, डब्याचं झाकण मी काढून टाकीन म्हणून घाबरून माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर मी हेच करत आले होते. तिच्या आधी ओळखायचं आणि तिच्या आधी उघडायचं.

"हरले," मी म्हटलं.

"खरंच?"

"हरले म्हटलं ना. काही ओळखू येत नाही. तूच उघड."

तिनं डबा घेतला. झाकण घट्ट होतं, नखानं निघेना. तिला वेळ लागला, पण मी हात पुढे केला नाही. मग ते निघालं. आम्ही दोघींनी आत बघितलं. ती रडली, मीही रडले. बऱ्याच दिवसांचं होतं ते. ह्यांनी दारातून डोकावून पाहिलं, पलंगावरच्या शिदोरीच्या पिशव्या उचलल्या आणि स्वयंपाकघरात नेऊन एकेक रिकामी करायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. धुळ्याचा. मीनल उठायला लागली, मीच घेतला.

"मग, उद्या किती वाजता निघतेय मीनल?" विहीणबाई म्हणाल्या.

"गुलाबाई गेली," मी म्हटलं. "मीनल घरी आहे."

"म्हणजे? पाठवणार म्हणाला होतात ना?"

"म्हणाले होते. मी म्हणाले होते, ती नाही. आता काय ते ती सांगेल तुम्हाला, तिला सांगावंसं वाटेल तेव्हा."

फोन ठेवला आणि पलंगावरची मोरपंखी साडी कपाटात ठेवून दिली. पुढचं वर्ष सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. कागद, चकरा, बैठका, नातेवाइकांचे चेहरे. कमलअक्कांनी सुद्धा महिनाभर कठड्याला टेकणं बंद केलं होतं. मग एक दिवस त्यांनी आपल्या नातीची पाय मोडलेली बाहुली आणून दिली आणि म्हणाल्या, "हाईले बी काही तरी करी दे व." तिला मी दोन चाकं लावली. ती आता वाऱ्याच्या पुढे धावते.

आणि मीनल पुन्हा धुळ्यालाच गेली. मी म्हटलं, अगं जगात दुसरं गाव नाही का? ती म्हणाली, "गाव त्यांचं थोडंच आहे? मलाही तिथले रस्ते पाठ आहेत." एका मेडिकल स्टोअरमध्ये ती काम करते. सासरच्या घरापासून गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेऊन राहते. खिडकीत गोटी. येताजाता भंगारात, उकिरड्यावर बाहुली दिसली की उचलते आणि पितृपक्ष आला की बसनं मला पाठवते. मागच्या महिन्यात फोनवर सांगत होती, खोली सोडतेय, दोन खोल्यांचं घर बघतेय, पुढं गॅलरी आहे. मी विचारलं, एकटीला दोन खोल्या कशाला? तर म्हणाली, तुझी मान कशी आहे?

आज सकाळी मी बाहुल्या ओळीत मांडल्या. मिशावालीचं काय करायचं ते लगेच ठरलं. तिच्या मिशा पुसायच्या नाहीत, आणखी पिळदार करायच्या, ती किल्ल्याची राखणदारीण होईल. बाकीच्यांचं बघू. घाई नाही. मान खरंच दुखतेय, आणि या वर्षी पहिल्यांदा असं वाटतंय की काही दिवस कुणाच्या तरी घरी जाऊन नुसतं पडून राहावं. कुणी विचारू नये, किती दिवस राहणार.

मग तो चिकटपट्टीचा डबा हातात घेतला. माझाच हुकांचा डबा आहे तो, तिनं तेव्हा नेलेला. उघडायचा नाही असं तिनं लिहिलंय, हलवायचा नाही असं कुठं लिहिलंय? एकदाच हलवला. दोन किल्ल्या आणि एक कडं. एक किल्ली मोठी, दाराच्या कुलपाची, एक लहान.

दोन खोल्या, पुढं गॅलरी. डबा मांडीवर ठेवला. मग मीनलला फोन लावला.

"हरले गं," मी म्हटलं.

पलीकडे ती हसली. "खोटं बोलतेस तू आई."

"बोलते. कोजागरीला ये, आणि तूच उघड. मग तुझ्याबरोबरच येते, राहायला."